डबा रिकामा परत येणार नाई

नागपूर, महाल
ता. ९ डिसेंबर १९७९

तीर्थरूप मनकर्णा आत्याच्या दोन्ही पायांना, चांगल्या पायाले आणि प्लास्टरातल्या पायाले सारखाच, भाचा गोविंदाचा वाकून नमस्कार. हे पत्र तुले शेजारच्या वच्छलावहिनी वाचून दाखवतील, म्हणून त्यांनाही नमस्कार. आपल्या गावचे रुपराव कंडक्टर हे पत्र घेऊन येऊन राहिले, सोबत एक डबाही आहे. डबा पत्र संपल्याशिवाय उघडायचा नाई. तुले धीर नसते हे मले माहीत आहे, म्हणून तो वहिनीच्या मांडीवर ठेवावा.

(वहिनी, जे मी अशा कंसात लिहीन ते मोठ्यानं वाचायचं नाई, मनात वाचायचं. कंस घालायचं मले आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी शिकवलं. आत्या विचारीन, "काहून थांबली वं?" तर सांगा, गोविंदाचं अक्षर लागत नाई. त्याच्यावर तिचा लगेच विश्वास बसते.)

आत्या, तुझा पाय कसा आहे? ठणका कमी झाला का? अंगणात सडा टाकल्यावर लगेच त्याच्यावरून चालायचं नसते हे तू मले लहानपणी सांगत होती, आता मी तुले सांगून राहिलो, एवढा मी मोठा झालो. वहिनीचं कार्ड आलं. त्यात लिहिलं आहे की त्या रोज दोन्ही वेळा तुले घरचं ताट आणून देतात आणि तू ते फडकं न उचलता परत पाठवते, चहा अन् मुरमुऱ्यावर दिवस काढून राहिली, आणि आताशा बोलत पण नाई. हे शेवटचं वाचून मी घाबरलो. तुझा मले पक्का अंदाज आहे. पोट भरलेलं असलं की तू शिव्या देते, उपाशी असली की गप्प बसते. माह्या लहानपणी तू ज्या दिवशी मले 'मुडद्या' म्हणली नाई, त्या दिवशी मी कणगीत हात घालून पाहत होतो की ज्वारी संपली का काय. मी लगेच येणार होतो, पण आधीच्या कार्डात तूच वहिनीच्या हातानं निरोप लिहिला होता की हेही काम सोडून आला तर दारात उभा करणार नाई. ते तुझं रास्त आहे. कळमेश्वरच्या कारखान्यात मी पाऊस लागेपर्यंत टिकलो, सदरच्या बेकरीत पाऊस उघडेपर्यंत. एका जागी बसलं की माह्या पायाले मुंग्या येतात, त्याले मी काय करू? पण आता मी सायकल दुकानात आहे, वामनराव मालक चांगला मानूस आहे, आणि मले एक असं काम भेटलं आहे की जे मी सोडलं नाई अन् सोडणारही नाई. पगार नाई त्याले. पण आत्या, महालात आज मी सायकलवरून निघालो तर माणसं रस्ता देतात. तुझ्या भाच्याले! ज्याले मास्तरनं चौथीत वर्गाबाहेर उभा केला अन् जो उभा राहायच्या ऐवजी पळून गेला, त्याले!

तर ते काम असं. आमच्या गल्लीत एक मंडळ आहे. गणपती बसवतात, कुस्त्या लावतात. कोजागिरीच्या रात्री दूध आटून राहिलं होतं तेव्हा कांताबाई नावाच्या बाईनं विषय काढला की या गल्ल्यांमध्ये किती म्हातारी माणसं अशी आहेत की ज्यांना घराबाहेर निघता येत नाई, कोणाचा पाय गेला, कोणाचे डोळे गेले, मुलं नोकरीवर गावोगाव. यांच्या जेवणाचं काय? दूध पिता पिता ठरलं की दर घरून वाटीभर पीठ न् मूठभर डाळ जमा करायची, आखाड्याच्या मागच्या खोलीत बायांनी पाळीनं स्वयंपाक करायचा, आणि पोरांनी डबे पोचवायचे. पोरांचं नाव निघताच सगळी पोरं दूध पिऊन पसार झाली. मी पातेलं खरवडत होतो म्हणून सापडलो. वामनराव म्हणाले, "याच्या पायाले चाक आहेच, सायकल माही घेऊन जा गा." असा मी या पदावर चढलो.

काम दिसते सोपं, पण त्याच्यात मोठी अक्कल लागते. दोन कप्प्यांचे ॲल्युमिनियमचे डबे. आजचे भरलेले उजव्या हँडलले लटकवायचे. घरोघरी आजचा द्यायचा, कालचा घ्यायचा अन् डाव्या हँडलले लटकवायचा. उजवीकडे जड, डावीकडे हलके, आणि मधात मी. पहिल्या दिवशी मी तुझ्या आठवणीनं आंघोळ करून गेलो.

माह्या फेरीत बरीच घरं, त्यातली तीन सांगतो. एक तुळसाबाईचं. नळावर पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून खाटेवर. अंगानं काडी, आवाज तोफेचा. (वहिनी, इथं आत्याकडे पाहू नका.) त्यांच्या खाटेखाली बरण्यांची अशी रांग आहे की तुले वाटीन किराणा दुकानात आलो. हात खाली सोडला की लोणचं, दुसरा हात सोडला की गूळ. दुसरं घर गणपतरावांचं. ते रेल्वेत गार्ड होते, दमा आणि गुडघे दोन्ही खराब, माडीवर राहतात आणि खाली उतरू शकत नाईत. त्यांनी खिडकीतून दोरीले एक कापडी झोळी बांधून ठेवली आहे. मी खाली उभा राहून झोळीत डबा ठेवायचा आणि वाट पाहायची. ते आधी दोन्हीकडे गल्ली पाहतात, मग शिट्टी मारतात, मग हिरवी झेंडी दाखवतात, मग डबा वर जाते. शिट्टीच्या आधी मी झोळी हलवली तर सरळ म्हणतात, "सिग्नल नाई भेटला गा तुले!" भूक लागली तरी नियम सोडत नाईत. तिसरं घर धोंडबांचं, ते मिलमधून रिटायर झालेले, डोळ्यांनी दिसत नाई, पण डब्याचं झाकण उघडायच्या आधी वासानं सांगतात की आज स्वयंपाकाले कोण होती.

आता गंमत ऐक. दुसऱ्याच दिवशी तुळसाबाईकडून कालचा डबा घेऊन निघालो तर गल्लीच्या वळणावर एक रिक्षावाला समोरून अंगावर आला. मी पडलो नाई, पण डबे सगळे रस्त्यावर. झाकणं काही उघडली नाईत, देवाची कृपा. मी म्हणलं, घाबरायचं काय, जड ते भरलेले, हलके ते रिकामे. एकेक हातात घेऊन वजन पाहिलं, जड उजवीकडे, हलके डावीकडे, झालं. माह्या डोक्यात हे आलंच नाई की आपल्याकडची कोणती बाई दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करते? तूच शेजारून ताकाचा तांब्या आला तर त्यात चार शेंगा टाकल्याशिवाय कधी पाठवला नाई. तुळसाबाईनं डबा घासून पुसून त्यात लिंबाचं लोणचं अन् गुळाचा हा एवढा खडा भरून ठेवला होता. तो माह्या हाताले जड लागला, अन् मी तो गणपतरावांच्या झोळीत ठेवला. शिट्टी झाली, हिरवी झेंडी झाली, डबा वर गेला. मी पायडल मारलं तर मागून अशी शिट्टी आली की आख्खी गल्ली थांबली. वर पाहतो तर लाल झेंडी! माह्यासोबत एक टांगेवालाही थांबला, त्याची काही चूक नसताना. गणपतराव खिडकीतून वाकून म्हणाले, "काहून गा गोविंदा, इंजिन कुठं सोडलं? नुसता गार्डाचाच डबा पाठवला!" मी खरा डबा वर चढवला आणि लोणचं परत मागितलं, तर म्हणाले, लोणचं आता या स्टेशनावर उतरलं, ते पुढं जाणार नाई.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या डब्यात भाजलेले फुटाणे अन् निरोप, "ज्या बाईचं लोणचं आहे तिले दे आणि सांग, चव आहे, मीठ जास्त झालं." मी मूर्ख, जसाच्या तसा सांगितला. तुळसाबाई खाटेवरून उठता येत नसताना उठल्यासारख्या झाल्या. "रेल्वेतल्या मानसाले काय समजते मिठाचं? जनमभर फलाटावरची भजी खाल्ली त्यानं!" मी तेही नेऊन सांगितलं. ते म्हणाले, "सांग तिले, त्या भज्यात मीठ बरोबर रायत होतं." असं सुरू झालं. एकमेकांचं तोंड पाहिलं नाई, आणि रोज माह्या सायकलवरून भांडून राहिले. एकदा मी भांडण वाढू नये म्हणून निरोप गोड करून सांगितला की गणपतराव म्हणतात लोणचं अमृतासारखं आहे. तुळसाबाईनं माह्याकडे असं पाहिलं अन् म्हणाल्या, "तो असं बोलूच शकत नाई. खरं सांग, काय म्हणला मेला?" तेव्हापासून मी निरोपाले हात लावत नाई. पुढं धोंडबांकडून जवसाची चटणी यायला लागली. तुळसाबाईनं पहिल्यांदा विचारलं, कोणाच्या घरची? मी सांगितलं, धोंडबांच्या, छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर आहे. त्या थोडा वेळ चटणीकडे पाहत राहिल्या, मग बोट लावून चाटलं, आणि म्हणाल्या, "जवस असे भाजावे लागते. कांताबाईले सांग, शिक म्हणा." त्या दिवशी मले असं वाटलं की मी काहीतरी मोठं करून राहिलो, पण काय ते मले सांगता येत नाई. तू समजून घे.

आता मधात आले आमचे अध्यक्ष मधुकरराव. ते ऑफिसात हेडक्लार्क होते, रिटायर झाले पण खिशातला पेन रिटायर झाला नाई. स्वेटरच्या आत खिसा अन् खिशात पेन, आंघोळीले जाताना काय करतात माहीत नाई. मानूस वाईट नाई, पीठ जमा करायले स्वतः दारोदार फिरतो. पण एका दुपारी परत आलेला डबा त्यांनी सहज उचलला तर आत पेरू गडगडले. त्यांनी मले पाहिलं, डबा पाहिला, परत मले पाहिलं. "म्हाताऱ्या माणसांकडून वस्तू घेतो?" आत्या, मले चोर म्हणलं असतं तर चाललं असतं, तशी मले सवय आहे, पण हे फार लागलं. मी समजावून सांगतो तोवर त्यांनी मंडळाच्या फळ्यावर खडूनं लिहूनही टाकलं: 'डबे रिकामे व धुतलेले परत यावेत. अन्यथा पोचवणारा बदलण्यात येईल.' म्हणजे मी.

मी तुळसाबाईले सांगितलं. मले वाटलं, तोफ उडीन. तोफ उडाली नाई. त्यांनी समोरचा भरलेला डबा हातानं माह्याकडे सरकवला अन् हळूच म्हणाल्या, "नेऊन टाक बापू. रिकामं भांडं परत करायचं तर भरलेलं घेत नाई मी. मांगून खानारी नाई मी." आणि भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशीही तेच. शेजारची पोरगी चहा देऊन गेली तो पण तसाच थंड. मी खाटेजवळ बसून किती विनवण्या केल्या, गणपतरावांच्या नावानं खोटी शिवी पण सांगितली, की निदान त्याच्यावर तरी चिडतील. चिडल्या नाईत. मले त्या वेळी भिंतीकडे तोंड करून निजलेली दुसरीच कोणी दिसली. (वहिनी, हे वाक्य कंसात घालायचं राहिलं. वाचून झालं असलं तर जाऊ द्या.)

आणि गणपतराव! त्यांनी खिडकीतून विचारलं, तिकडचा डबा काहून नाई आला? मी खालून ओरडून सगळं सांगितलं. त्यांनी झोळी वर ओढून घेतली आणि खिडकीले लाल झेंडी बांधून टाकली. "त्या लाईनवरची गाडी आल्याशिवाय माही गाडी सुटत नाई." म्हणजे एकाचे दोन झाले उपाशी, एक दम्याचा अन् एक हाड मोडलेली, आणि भरलेले डबे माह्या हँडलले तसेच. एवढं जड ओझं मी कारखान्यातही उचललं नाई.

मग मी काय केलं? मधुकररावांकडे गेलो आणि म्हणलं, साहेब, नियम तुमचा आहे, तुम्हीच येऊन समजावा, बसा कॅरिअरवर. ते धोतर सावरून बसले. पण माह्या मनात एवढा राग होता की मी सायकल जोरात हाणली, आणि बरोबर तुळसाबाईच्या दारासमोर त्यांचं धोतर चेनमध्ये अडकलं. मुद्दाम नाई केलं. (वहिनी, थोडंसं.) आता धोतर निघेपर्यंत मानूस जाईल कुठं? मी पाना काढून चाक खोलायला बसलो अन् ते दारातल्या दारात, एक सोगा माह्या चेनमध्ये, असे उभ्यानं नियम सांगू लागले: मंडळाची शिस्त, लोकांचा गैरसमज, उद्या कोणी म्हणेल पोरगा वसुली करते. तुळसाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "उन्हाचे आले, उभे काहून? बसा उंबऱ्यावर." ते बसले. तुळसाबाईनं खाटेखाली हात सोडला, वाटीत लोणचं काढलं, वर दुसरी वाटी पालथी घातली. "घरी न्या बाईसाठी. वाटी तेवढी आठवणीनं पाठवा." आणि मधुकररावांनी हात पुढं करून ती घेतली. घेणारच! दारात आलेल्या मानसाले म्हातारी बाई वाटी देते तेव्हा आपल्याकडे कोण नाई म्हणते? वाटी त्यांच्या हातात गेली अन् तुळसाबाई माह्याकडे वळून म्हणाल्या, "आण रे तो डबा. बरोबरी झाली आता." अन् जेवल्या. पहिला घास चावून म्हणाल्या, "कांताबाईची डाळ कच्ची आहे." असं ऐकून मले एवढा आनंद झाला की चेन उलटी बसवली. जाताना अध्यक्षांना पायी न्यावं लागलं, सोग्याले वंगण लागलेलं.

तिथून मी सरळ गणपतरावांच्या खिडकीखाली. "गाडी आली!" म्हणून ओरडलो. शिट्टी अशी वाजवली त्यांनी की दम लागला, मग पाणी पिऊन परत वाजवली.

नियम अजून फळ्यावर होताच. पण दोन-तीन दिवसांनी मधुकरराव दुकानात आले. शालीच्या आत काहीतरी लपवलेलं. वामनराव आत जाईपर्यंत हवा भरायच्या पंपाकडे पाहत राहिले, मग हळूच म्हणाले, "गोविंदा, ही वाटी जरा तुळसाबाईकडे पोचवशील का? आमच्या घरच्या, उत्तराबाई, म्हणतात रिकामी कशी पाठवायची. मुगाचे लाडू आहेत." मी म्हणलं, साहेब, माह्या हातून फक्त रिकामं जाऊ शकते, फळ्यावर लिहिलं आहे. ते एकदम लाल झाले, मग हसले. लाडू पोचले. वाटी परत आली तर त्यात आवळ्याचा मुरंबा, तो संपल्यावर उत्तराबाईनं शेव टाकली, आणि आता ती वाटी कोणाच्या घरची हे कोणालेच आठवत नाई. फळ्यावर नवा नियम आहे, मधुकररावांच्याच अक्षरात: 'डबे धुतलेले परत यावेत.' त्याच्यापुढची जागा पुसलेली आहे, खडूचं पांढरं दिसते. रोज जाता-येता मी ते पांढरं पाहतो अन् माही छाती दोन बोटं फुगते. आणि आता प्रत्येक डब्यात लोणच्याची एक फोड खास तुळसाबाईच्या बरणीतली जाते, सगळ्यांच्या. खाटेवर पडून ती बाई महालातल्या म्हाताऱ्यांना वाढून राहिली!

तर असं माहं चांगलं चाललं आहे. तुझा भाचा वाया गेला असं गावात कोणी म्हणलं तर हे पत्र वाचून दाखवावं. संक्रांतीले रजा घेऊन येतो, काम सोडून नाई.

तुझ्या शिव्यांवर वाढलेला,
गोविंदा

ता. क. डबा आता उघड. संत्र्याची बर्फी आहे. डबा माह्या फेरीतला आहे, मंडळाचा, म्हणून रुपरावांच्या हातून परत पाठवावा लागीन. धुऊन.

ता. क. दुसरं. तुळसाबाईले मी बोललो की माह्या आत्याच्या मिरचीच्या लोणच्यापुढं तुमचं लिंबाचं काहीच नाई. त्या म्हणाल्या, बोलाव. मी म्हणलं, तिचा पाय मोडला, ती शेजारणीनं दिलेलं खात नाई, कारण उठून परत काही देता येत नाई. तर त्या एवढंच म्हणाल्या, "जी बाई जेवतच नाई तिच्या हातच्या लोणच्यात मीठ बरोबर कसं पडीन? राहू दे." आता महालात तुझी इज्जत माह्या हातात नाई, तुझ्या हातात आहे. मी गणपतरावांना सांगून ठेवलं आहे, लोणचं कोणाचं चांगलं ते तेच झेंडी दाखवून ठरवणार.

(वहिनी, हे तुमच्यासाठी. मिरचीच्या लोणच्याची बरणी फडताळावरून काढून तिच्या खाटेखाली ठेवा, हात सोडला की लागीन अशी. गुळाचा डबा आणि शेंगाही. मग तुमचं ताट नेहमीसारखं न्या, काही न बोलता ठेवा. ताट परत येताना त्यात जे येईल ते घ्या, नको म्हणू नका, खारट असलं तरी. आणि आता हे वाचून झाल्यावर ती काय म्हणाली ते कार्डावर लिहून पाठवा. तिनं मले शिव्या दिल्या असतील तर एकही गाळू नका, तशाच्या तशा लिहा. शिव्या आल्या म्हणजे ती जेवली, असं मी समजीन.)